दर मे महिन्यात सरकणारा ग्रिड डिप मीटर आणि हरवलेल्या कॉइल

"काका, परत सरकला."

मे महिना तापला की रावेरच्या हौशी रेडिओवाल्या पोराचा हा फोन ठरलेला. सरकतो तो त्याचा ग्रिड डिप मीटर, म्हणजे अँटेना किंवा कॉइल कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बसलीय ते सांगणारं व्हॉल्व्हचं जुनं यंत्र. पहिल्या वर्षी मी म्हटलं, तुझ्या हाताचा दोष असेल. दुसऱ्या वर्षी म्हटलं, ट्यूनिंग कपॅसिटरच्या पात्यांमध्ये धूळ गेली असेल. तिसऱ्या वर्षी फोन आला तोवर पोराने चाळीस मीटर पट्ट्याच्या, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या, डायपोल अँटेनाची तार दोन्ही टोकांना ३५-३५ सेंटिमीटर कापून टाकली होती. डिप मीटरची तबकडी म्हणत होती की अँटेना ६.८६ मेगाहर्ट्झवर बसलीय, म्हणजे लांब झालीय. तार कापल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना जुळलीय का ते दाखवणारा) लावला तेव्हा कळलं की अँटेना आधी बरोबरच होती. खोटं तबकडी बोलत होती. आणि त्या तबकडीला खोटं बोलायला शिकवणारा मी, कारण मीटरच्या हरवलेल्या कॉइल मीच गुंडाळून दिल्या होत्या.

जुना ग्रिड डिप मीटर मिळतो तो बहुतेक वेळा बिनकॉइलचाच. यंत्राला मोठी पेटी असते, कॉइल बोटाएवढ्या असतात. घर आवरताना पेटी राहते आणि कॉइल पोरांच्या खेळण्यात जातात. आमचा मीटर भंगारातून आला तेव्हा लाकडी डब्यात पाच खाचे होते आणि कॉइल एकच. पोराच्या आजीने तो बघून विचारलं होतं, "हाई काय शे?" तेव्हा मी ऐटीत म्हटलं होतं, आठ दिवसांत चालू करतो.

ज्यांनी हे यंत्र हाताळलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आत एका व्हॉल्व्हचा ऑसिलेटर असतो आणि त्याची कॉइल डब्याच्या नाकावर बाहेर काढलेली असते. ती दुसऱ्या एखाद्या ट्यून्ड सर्किटजवळ, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळलेल्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीजवळ, नेऊन तबकडी फिरवली की दोघांची फ्रिक्वेन्सी जुळते त्या जागी समोरचं सर्किट ऊर्जा खेचून घेतं, व्हॉल्व्हचा ग्रिड करंट कमी होतो आणि काटा डुबकी मारतो. समोरच्या सर्किटला वीज द्यावी लागत नाही की त्याची तार सोडवावी लागत नाही. आता नॅनोव्हीएनए (अँटेना आणि सर्किट मोजणारं छोटं डिजिटल यंत्र) आलाय, हे खरं. पण भंगारातून आणलेला ट्रॅप (अँटेनातलं ट्यून्ड सर्किट) किंवा ट्रान्समीटरची टँक कॉइल जागच्या जागी तपासायची असेल तर मी अजून डिप मीटरच उचलतो.

सरकला म्हणजे नक्की काय सरकलं

फोनवर कोणी "बिघडला" म्हणालं की मी आधी काटा काय करतो ते विचारतो. खान्देशात चार वेगळ्या कारणांनी काटा हलताना मी पाहिलाय, आणि त्यातल्या तिघांत कॉइलचा काही संबंध नसतो.

पहिलं कारण लाइटचं. मळ्यात पंप सुरू झाले की व्होल्टेज झपकन खाली येतं. या जुन्या यंत्रांत रेग्युलेटर नसतो, त्यामुळे काटाही खाली येतो आणि नवख्याला ती डुबकी वाटते. ओळखायचं सोपं आहे. तबकडी थोडी पुढे-मागे करा. खरी डुबकी एका जागी असते, पलीकडे गेलं की काटा परत वर येतो. लाइटची डुबकी तबकडी कुठेही नेली तरी तशीच राहते.

दुसरं कारण कोरड्या हवेचं. उन्हाळ्यात मीटरची प्लास्टिकची काच कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यावर स्थिर वीज साचते आणि काटा शून्यापासून वरच कुठेतरी चिकटून राहतो. मी एकदा अख्खा मीटर खोलून हेअरस्प्रिंग तपासत बसलो होतो. भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं काचेवरून फिरवा आणि तसंच वाळू द्या, काटा सुटतो.

तिसरं म्हणजे समोर काहीही नसताना तबकडीच्या एकाच ठिकाणी येणारी डुबकी. आधी टेबलावरच्या बाकीच्या कॉइल दूर करा, जवळ पडलेली मोकळी कॉइलसुद्धा स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर ऊर्जा पिते. तरीही डुबकी राहिली तर आतला आरएफ चोक, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी अडवणारी छोटी कॉइल, संशयित. मूळ चोक जळाला म्हणून कोणीतरी हाताला लागेल तो लावलेला असतो आणि त्याचा स्वतःचा रेझोनन्स नेमका आपल्या पट्ट्यात पडतो. वेगळ्या मूल्याचा चोक लावून बघा. डुबकीने जागा बदलली तर चोर सापडला.

यातलं काहीच नसेल, काटा नीट डुबकी मारत असेल पण चुकीच्या आकड्यावर, तर मग ते कॉइलचं दुखणं. रावेरचं तेच होतं.

वीज लावण्याआधी

अमेरिकेतून आलेली यंत्रं ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात. आपल्या २३० वर थेट लावली तर ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांचा सोबती. वेगळ्या वाइंडिंगचा २३० ते ११० स्टेपडाऊन वापरा. ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त असतो, पण तो लाइटपासून यंत्र तोडत नाही, आणि काही जुन्या यंत्रांत चासी (धातूचा सांगाडा) थेट लाइटच्या एका तारेला जोडलेली असते. शिवाय ६० हर्ट्झचा गाभा ५० वर जास्त तापतो, म्हणून ११७ पूर्ण देण्याच्या फंदात पडू नका, ११० पुरे. पंधरा मिनिटं चालवा, प्लग काढा आणि मग ट्रान्सफॉर्मरला हात लावा.

आत सेलेनियम रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा जुना भाग) दिसला, म्हणजे पत्र्याच्या चौकोनी पात्या ओळीने लावलेल्या दिसल्या, तर तो बदलून टाका. तो जळतो तेव्हा कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि तो धूर विषारी असतो. जागेवर १एन४००७ डायोड लावा, पण सोबत एक सिरीज रेझिस्टर हवाच. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज कमी पडतं, म्हणून पुढचं एचटी, म्हणजे व्हॉल्व्हला जाणारं उच्च व्होल्टेज, वाढतं. सर्किटमध्ये लिहिलेला आकडा येईपर्यंत रेझिस्टर वाढवायचा. मेणाचे पेपर कपॅसिटर आणि जुने इलेक्ट्रोलिटिक सरसकट काढा, त्यांची परीक्षा घेत बसण्यात वेळ जातो. हीथकिटसारख्या कंपन्या सुटे भाग विकत आणि जुळणी गिऱ्हाईक करी, त्यामुळे सर्किटचा कागद आणि समोरची वायरिंग एकच असेल असं धरून चालू नका. आमच्या यंत्रात एक कथलाचा डाग कधी लागलाच नव्हता, तार नुसती टॅगमध्ये अडकवलेली होती.

उरलेली एक कॉइल म्हणजे किल्ली

माझी पहिली चूक इथेच झाली. मी वेढे मोजून, अंदाजाने तार गुंडाळून, ऐकून बघून परत सोडवून, असे दोन रविवार घालवले. उत्तर तर डोळ्यासमोर छापलेलं होतं. डिप मीटरच्या तबकडीवर प्रत्येक कॉइलचा वेगळा पट्टा असतो. कॉइल हरवल्या तरी पट्टे हरवत नाहीत. आणि कपॅसिटर तर सगळ्या कॉइलला एकच. म्हणजे एक मूळ कॉइल हाताशी असेल तर बाकीच्यांचं इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचं विद्युत माप, नुसत्या त्रैराशिकासारखं निघतं, फक्त फ्रिक्वेन्सीच्या गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा.

आमची वाचलेली कॉइल १३.५ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची. एलसी मीटरवर ती २.१४ मायक्रोहेन्री दाखवत होती. स्वस्तातला एलसी मीटर एवढ्या लहान आकड्याला अडखळतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना जोडून शून्य करून घ्या. हरवलेल्या कॉइलचा पट्टा ६.८ पासून सुरू होत होता. १३.५ भागिले ६.८ म्हणजे १.९८५, त्याचा वर्ग ३.९४. गुणिले २.१४. उत्तर आलं ८.४३ मायक्रोहेन्री.

पडताळा घ्यायचा तर जुनं सूत्र आहेच: मायक्रोहेन्री, पिकोफॅरड आणि मेगाहर्ट्झचा वर्ग, तिघांचा गुणाकार २५,३३० यायला हवा. त्यावरून कपॅसिटर पूर्ण बंद असताना ६५ पिकोफॅरडच्या आसपास आणि पूर्ण उघडा असताना १५ च्या आसपास निघतो. हा नुसता कपॅसिटर नाही. यात व्हॉल्व्ह, सॉकेट आणि वायरिंगचं सगळं लपलेलं कपॅसिटन्स आलं. म्हणूनच कपॅसिटर वेगळा काढून मोजण्यापेक्षा हा मार्ग बरा. काढून मोजायचाच असेल तर एक खाच लक्षात ठेवा. कोल्पिट्स नावाच्या ऑसिलेटर सर्किटमध्ये कपॅसिटरचे दोन भाग एकापाठोपाठ असतात. मोजायचं ते दोन स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या पात्यांच्या, मधे. स्टेटर ते फ्रेम मोजलं तर आकडा दुप्पट येतो आणि सगळ्या कॉइल चुकतात.

एकही कॉइल उरली नसेल तर एक चाचणीची कॉइल गुंडाळा, तिचं इंडक्टन्स मोजा, तबकडीच्या दोन्ही टोकांना ऑसिलेटरची शिट्टी रिसीव्हरवर कुठे ऐकू येते ते लिहून ठेवा. त्याच २५,३३० च्या सूत्रातून दोन्ही टोकांचं कपॅसिटन्स मिळतं. मात्र त्याआधी सॉकेटमध्ये डोकावा. दोनच पिनांना तारा असतील तर साधी कॉइल, तिसऱ्या पिनेलाही तार असेल तर मधून फाटा काढलेली कॉइल असण्याची शक्यता धरा.

आता वेढे. एका थरात गुंडाळलेल्या कॉइलसाठी मी व्हीलरचं सूत्र मिलिमीटरमध्ये करून भिंतीवर लिहून ठेवलंय: व्यासाचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, याला भागायचं ४५७ गुणिले व्यास अधिक १०१६ गुणिले लांबी याने, की मायक्रोहेन्री मिळतात. व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरायचा. २० मिलिमीटर व्यास आणि २० मिलिमीटर लांबी धरली तर ८.४३ साठी २५ वेढे येतात, आणि बावीस नंबरच्या इनॅमल तारेचे २५ वेढे चिकटून घातले की ते बरोबर २० मिलिमीटरच्या आसपास बसतात.

तारेची आपल्याकडे ददात नाही, मोटार रिवाइंडिंगचं दुकान प्रत्येक बाजाराच्या गावात आहे. फक्त तिथे नुसती "बावीस नंबर तार द्या" म्हणू नका. आपल्याकडे धंदा सबमर्सिबलचा, त्यामुळे समोर येते ती पॉलीरॅप तार, प्लास्टिकच्या जाड वेष्टनाची. ती पाण्यात चालण्यासाठी असते. तिचे वेढे जवळ बसत नाहीत आणि सगळं गणित कोलमडतं. पंख्याच्या मोटारीची इनॅमल तार मागा.

आणि मग मी ती तार ठिबकच्या नळीवर गुंडाळली

खान्देशातल्या माणसाला नळी म्हटलं की दुसरं काय सुचणार? रावेरला केळीच्या बांधावर १६ मिलिमीटरच्या लॅटरलची वेटोळी पडलेली असतात. फुकट, गोल, हलकी, कात्रीने कापता येते. २० चा साचा नाही तर १६ चा, मी गणित परत केलं: ३१ वेढे, २४ मिलिमीटर लांबी. जानेवारीत करून दिली. तबकडी आणि रिसीव्हर अगदी जुळले, पोरगा खूश.

तिसऱ्या फोननंतर मी ती कॉइल परत मागवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस मी वेढे सरकवून फ्रिक्वेन्सी जुळवत होतो, ते का सरकतात ते बघतच नव्हतो. बोटांत धरून हलकेच फिरवली तर वेढे नळीवर सैल गोल फिरत होते, बांगडी मनगटात फिरावी तसे. टोकाकडच्या वेढ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. पट्टी लावली, २४ ची लांबी साडेसव्वीस झाली होती. सूत्रात घातलं तर इंडक्टन्स ८.४ वरून ७.८३ वर आलेलं, म्हणजे फ्रिक्वेन्सी साडेतीन टक्क्यांनी वर. तबकडीवर ७.१० लावलं की कॉइल प्रत्यक्षात ७.३५ वर ओरडत होती. आपल्याकडे चाळीस मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ एवढाच आहे. साडेतीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, इथे ते पट्ट्याबाहेर नेऊन सोडतात.

घडतं ते असं. ठिबकची नळी पॉलिथिलीनची. उष्णतेने ती तांब्याच्या साधारण दहापट फुगते. जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीतल्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक सहज पडतो. नळी फुगायला जाते, तारेचे वेढे तिला फुगू देत नाहीत. नळी मऊ, ती आतल्या आत दबते आणि गरम असताना त्याच दबलेल्या मापाला रुळते. रात्री थंड झाली की त्या मापावरून आणखी आकसते. तार मात्र जिथल्या तिथे. मग मधे फट. असं रोज, महिनाभर. सैल झालेले वेढे हाताळताना पसरतात. दर जूनमध्ये मी वेढे जवळ सरकवून तबकडी जुळवून देत होतो, आणि पुढच्या मेमध्ये नळी तेच करत होती.

वर या नळीला काही चिकटतही नाही. पॉलिथिलीनवर फेव्हिक्विक, वॉर्निश, काहीही लावा, वाळल्यावर नखाने पापुद्रा निघतो. तिचा काळा रंग उन्हापासून वाचवण्यासाठी घातलेल्या कार्बनचा असतो, आणि कार्बन असलेली वस्तू आरएफ कॉइलच्या पोटात मी तरी आता ठेवणार नाही. विजेच्या फिटिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप त्यापेक्षा बरा. पण तोही तांब्याच्या तीन-चारपट फुगतो. कायमच्या कामाला तोही नको.

कायमचा इलाज

तांब्याच्या चालीने फुगणारं काहीतरी हवं होतं. ते ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन विकणाऱ्याकडे मिळालं: काचतंतू आणि इपॉक्सीची पिवळट-हिरवी नळी. तिचं आणि तांब्याचं प्रसरण जवळजवळ सारखं. कापताना मात्र नाकाला रुमाल आणि ओलं फडकं हवं, भुकटी घशात खाजते. ही नळी न मिळाल्यास जुन्या मेलेल्या व्हॉल्व्हचा बॅकेलाइटचा पाया सोडवून वापरा. त्याला पिनाही आयत्या मिळतात. बॅकेलाइट थोडं जास्त फुगतं, पण ते कडक असतं, दबून रुळत नाही.

गुंडाळण्याआधी तार ताणून घ्या. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत, आणि हाताला किंचित सुटल्यासारखं जाणवेपर्यंत ओढा. वाकडेपणा जातो आणि तार जरा कडक होते. मग पहिलं टोक नळीच्या भोकातून घेऊन पिनेला डाग लावा, आणि तार ताणलेली ठेवून तार नव्हे, नळी फिरवा. पिनेला कथील लावण्याआधी इनॅमल ब्लेडने खरवडायला विसरू नका. वरून चकचकीत डाग आणि आत इनॅमल, असा सांधा सकाळी चालतो आणि दुपारी चालत नाही.

वेढे पक्के करायला बाजारातलं महागडं वॉर्निश लागत नाही. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल रंगवाल्याच्या टोल्युइनच्या थिनरमध्ये विरघळवा, काचेच्या बाटलीत, मधाएवढं दाट होईपर्यंत. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, आरएफला अतिशय सौम्य. ब्रशने पातळ हात द्या, वाळू द्या, परत द्या. एकदम जाड थर दिला तर आत बुडबुडे राहतात. काम अंगणात करा आणि शेगडीपासून लांब. आमच्याकडे एकदा भरीताची वांगी भाजत असतानाच मी बाटली उघडली, आणि घरातून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तबकडी जुळवायची ती हा लेप पूर्ण वाळल्यावर. लेपामुळे कपॅसिटन्स थोडं वाढतं आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. म्हणून लेप देण्याआधी टोकाचा एक वेढा मोकळा सोडा, आणि बाकीचं वाळल्यावर त्याच वेढ्याला सरकवून नेमकं जुळवा. शेवटी त्याच्यावर एक थेंब. रिसीव्हरची तबकडी खरी आहे की नाही तेही आधी बघा. रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम वेळ-केंद्राची टिकटिक बहुधा लागते, तिच्यावर ठोकून घ्या. डिप मीटर रिसीव्हरपासून हातभर लांब ठेवायचा. चिकटवून ठेवला तर अँटेनाची तारच त्याला खेचते आणि आकडा पुन्हा खोटा येतो. प्रत्यक्ष मोजतानाही हेच लागू: आधी जवळ नेऊन डुबकी शोधा, मग काटा जेमतेम हलेल इतकं दूर जा आणि तेव्हाच आकडा वाचा.

नवी कॉइल पोराला देण्याआधी मी तिला पत्र्यावर ठेवली. भर दुपारी, कापडात गुंडाळून, सलग चार दिवस, रात्री घरात. रोज संध्याकाळी थंड झाल्यावर मोजायची. पाचव्या दिवशी तबकडीवरचा ७.१० आणि रिसीव्हरवरचा ७.१० यांच्यात काट्याच्या जाडीइतकाही फरक नव्हता, आणि बोटाने फिरवून बघितलं तर वेढे दगडासारखे.

उरलेल्या तीन कॉइल त्याच पद्धतीने झाल्या. सगळ्यात वरच्या पट्ट्याची तर कॉइल म्हणायचीही सोय नाही, जाड तारेचं हेअरपिन आहे ते. त्याला ना नळी लागली ना सूत्र. लांब ठेवून गुंडाळलं, मिलिमीटर-मिलिमीटरने कापत आणलं आणि दोनदा जास्त कापलं गेलं. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय: प्रत्येक कॉइलचे वेढे, तारेचा नंबर, नळीचा व्यास आणि मोजलेलं इंडक्टन्स. पुढच्या माणसाला खाचा रिकामा सापडला तर निदान त्याचे दोन रविवार वाचतील.

डायपोलची कापलेली तार पोराने जोडून घेतली. दोन्ही सांध्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. त्याला म्हटलं, पावसाळ्याआधी तो काढ आणि नीट डाग लाव. अजून लावलेला नाही.